खुंटीवरची माती

मातीबाई आल्या त्या वर्षी उन्हाळा वेळेआधीच येऊन बसला होता. मेंढ्या चालताना पायात पाय घालत होत्या. मामंजी रोज सकाळी एकेकीच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि "ही निघेल", "हिचं काही खरं नाही" असं स्वतःशीच बोलायचे. बेचाळीस मेंढ्या होत्या. वर्षातले आठ महिने त्या कुठंही तोंड मारून पोट भरायच्या, पण उन्हाळ्याचे चार महिने त्यांना एकच जागा होती. राखीव रानातला खालचा पट्टा.

राखीव रान म्हणजे नुसती वाळू. वाळूची टेकाडं, टेकाडांमधली खोलगट जागा, आणि मधूनमधून काटेरी झुडपं, जणू कुणी हातातलं ओझं टाकून निघून गेलंय. बाहेरचा माणूस हमखास विचारतो, इथं राखण्यासारखं आहे तरी काय? बारा वर्षांपूर्वी वरच्या भागाला तार लागली तेव्हा आम्हीही हेच विचारलं होतं. कुणी उत्तर दिलं नाही, पण तार मात्र पक्की लावली. खालचा पट्टा तेवढा चराईला उघडा राहिला. आता तोही बंद करायचा की नाही हे ठरायचं होतं, आणि त्याआधी मातीची तपासणी होणार असा कागद आला.

"तपासणी?" मामंजी म्हणाले. "माती काय आजारी आहे?"

मातीबाईंचं खरं नाव लांबलचक होतं. दुसऱ्या दिवशीच त्या मातीबाई झाल्या आणि तिसऱ्या दिवसापासून त्या नावाला ओ द्यायला लागल्या. तिशीतली किडकिडीत बाई, डोक्यावर मोठी टोपी, तरी नाकाची सालं निघालेली. त्यांना हाताखाली एक माणूस हवा होता. रानाच्या गार्डानं माझं नाव सुचवलं. याच गार्डानं आदल्या वर्षी माझ्या डोक्यावरची लाकडं उतरवून घेऊन मला रिकाम्या डोक्यानं घरी पाठवलं होतं. "ही बाई या रानात कुठूनही वाट काढते," असं तो म्हणाला. ते कौतुक होतं की तक्रार, हे मला अजून कळलेलं नाही.

काम सोपं दिसत होतं. नकाशावर वीस ठिकाणं मांडलेली होती, दहा वरच्या बंद भागात आणि दहा आमच्या पट्ट्यात. बाईंच्या हातातलं यंत्र त्या ठिकाणी पोचलं की वाजायचं. तिथं मी खुंटी ठोकायची. खुंटीभोवती चार ठिकाणी वरचा पाला बाजूला सारून गिरमिट घालायचं, एक वीतभर आत. चारही भोकांतली माती बादलीत कालवायची, त्यातल्या दोन मुठी पिशवीत, पिशवीवर आकडा.

पण कोरडी वाळू गिरमिटात राहतच नाही. वर काढेपर्यंत सगळी गळून जाते. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या तळहातांना फोड आले आणि पिशवीत चमचाभर वाळू.

"जरा पाणी शिंपडा," बाई म्हणाल्या. "थांबा. मुरू द्या. आता फिरवा, आणि एका दमात ओढा."

तसं केल्यावर गिरमिटाच्या पात्यांत ओली वाळू चिकटून वर आली. बाईंनी ती चिमटीत धरून रंगांच्या पुस्तकाशी लावून पाहिली. साड्यांच्या दुकानात मॅचिंग बघतात तसं.

"बाई, वाळूत शोधता तरी काय?"

"कर्ब. सेंद्रिय कर्ब."

"म्हणजे?"

"पाला, मुळं, लेंड्या, मेलेले किडे. जे जे जिवंत होतं आणि मातीत मिसळलं, त्यातलं मागं राहतं ते. काळ्या मातीत ते धरून ठेवायला जोर असतो. वाळूच्या हातात काही टिकत नाही. म्हणून वाळूत जेवढं सापडेल तेवढं मोलाचं."

हे शेवटचं मी ऐकलं, पण मनात धरलं नाही.

वरच्या दहा खुंट्यांना चार दिवस लागले. त्यात मला एक गोष्ट कळली. इतकी वर्षं मी त्या वाळूतून चालले, पण ती एकच आहे असं समजून चालले. झुडपाखालची वाळू तपकिरी निघायची, दहा पावलांवर टेकाडाच्या माथ्यावरची पांढरीफटक, आणि खोलगटातली दोन्हींच्या मधली. "एकाच रानात इतके फरक," बाई म्हणायच्या. "म्हणूनच खुंटी जिथं पडेल तिथलीच घ्यायची. आपल्याला आवडेल तिथली नाही."

संध्याकाळी गार्ड फाटकावर पिशव्या मोजायचा. "माती बाहेर न्यायला परवानगी लागते," असं म्हणून बाईंचा कागद रोज नव्यानं वाचायचा. मग माझ्याकडे वळायचा. "चपला झाड." मी चपला काढून झाडायचे. "डोक्यावरचा रुमाल." मी रुमाल झटकायचे.

"अहो, वाळू आहे ती," एकदा बाई न राहवून म्हणाल्या.

"नियम आहे," गार्ड म्हणाला. बाईंना मात्र त्यानं कधी बूट झाडायला सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी डबा खाताना मी धीर करून विचारलं, "खालच्या पट्ट्याचं काय होणार बाई?"

"मी ठरवत नाही. मी मोजते." मग डब्याचं झाकण लावून म्हणाल्या, "पण असं बघा. वरचा भाग बारा वर्षं बंद आहे, खालचा चरतोय. दोन्हींत फरक नाही निघाला, तर मी तसं स्पष्ट लिहीन. चराईनं माती बिघडलेली नाही, बंद करायची गरज नाही. माझं लिहिलेलं सहसा मोडत नाहीत. खालची कमी निघाली तर मात्र तेही लिहावं लागेल."

मी ते वाक्य पदरात काहीतरी बांधून आणावं तसं घरी आणलं आणि मामंजींसमोर सोडलं.

"कमी?" मामंजी ताठ झाले. घरातल्या लेकीला कुणी नाव ठेवावं तसा त्यांचा चेहरा झाला. "खालच्या पट्ट्याची माती कमी? ती बाई जुन्या मेंढवाड्यात गेली होती का?"

"मामंजी, तिथं खुंटी नाही."

"मग ठोक ना!"

जुना मेंढवाडा म्हणजे मामंजींच्या वडिलांचा. रान राखीव होण्याच्या कितीतरी आधी, एका खोलगटात त्यांनी काट्यांचं कुंपण करून दोनशे मेंढ्या बसवल्या होत्या. वर्षानुवर्षं. काटे गेले, मेंढ्या गेल्या, पण ती जागा अजून काळी होती. भर उन्हात तिथं पाय ठेवला तर गार लागायचं. मामंजी कुणाही पाहुण्याला तिथं न्यायचे आणि मूठभर माती उचलून त्याच्या नाकाशी धरायचे. पाहुण्याला शिंका यायच्या. मामंजींना वाटायचं, भारावला.

खालच्या दहाही खुंट्या आम्ही आधीच ठोकून घेतल्या होत्या. त्यातल्या पाचांची माती बाईंबरोबर काढून झाली. त्या पाच बहुतेक झुडपांजवळ होत्या, माती बरी निघाली, वरच्यासारखीच. सहाव्या खुंटीच्या सकाळी बाईंना ऊन लागलं. उलट्या झाल्या, डोळे उघडेनात. आम्ही त्यांना गार्डाच्या चौकीत आडवं केलं, कपाळावर ओलं फडकं ठेवलं. गार्ड दारात उभा राहून वारा अडवत होता आणि आपण मदत करतोय असं त्याला वाटत होतं.

"थांबले तर दिवस जाईल," बाई डोळे मिटूनच म्हणाल्या. "उरलेल्या पाच तुम्ही घ्याल?"

"मी एकटी?"

"तुमचा हात माझ्यापेक्षा चांगला बसलाय. फक्त खुंटीवरच. दोन पावलं इकडं नाही, दोन पावलं तिकडं नाही."

"खुंट्या मीच ठोकल्यात बाई."

"म्हणूनच पाठवतेय."

पाण्याचा कॅन घेऊन मामंजी बरोबर आले. आमचे हे मेंढ्या घेऊन लांब गेले होते. त्यांच्या घंटीवाल्या मेंढीचा आवाज मधूनच यायचा, मधूनच वारा तो घेऊन जायचा.

उरलेल्या पाचही खुंट्या एकाच लांब टेकाडावर ओळीनं पडल्या होत्या. तिथं झुडूप नाही, गवताची काडी नाही. मी पाणी शिंपडलं, मुरू दिलं, फिरवलं, ओढलं. वर आली ती साखरेसारखी पांढरी वाळू. मामंजींनी ती चिमटीत घेतली, तळहातावर ठेवली आणि फुंकर मारली. तळहातावर काही उरलं नाही.

"हे पाठवणार तू?"

"खुंटी इथं आहे."

"पाचही अशाच?"

"पाचही."

ते खाली बसले. कॅनवर हात ठेवून बराच वेळ टेकाडाकडे बघत राहिले. "पोरी," ते म्हणाले. एरवी ते मला सूनबाई म्हणतात. "ती तिकडं शहरात डबी उघडणार. त्यात ही भुकटी. बघणारा काय म्हणेल? इथं मेंढरांनी सगळं खाऊन टाकलं. आपण तीन पिढ्या इथं होतो हे त्याला कुठून दिसणार?"

"बाई म्हणाल्या, बरोबरीची निघाली तरी पुरे."

"ही बरोबरीची आहे?"

मी वाळूकडे पाहिलं. वरच्या भागातही टेकाडावरची खुंटी होती आणि तिथलीही अशीच पांढरी निघाली होती. हे मला माहीत होतं. माझ्या हातानं मी ती भरली होती. पण तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर वरची ती पिशवी आली नाही. बेचाळीस मेंढ्या आल्या, आणि मामंजींचा रिकामा तळहात.

दोष मामंजींचा नाही. ते नुसते बोलले. गिरमिट माझ्या हातात होतं.

आम्ही मेंढवाड्यात गेलो. गिरमिट तिथं लोण्यात सुरी जावी तसं गेलं आणि काळं भरून वर आलं. नुसती तीच माती दिली असती तर बाईंनी लगेच ओळखलं असतं, म्हणून टेकाडावरची पांढरी वाळू आणि मेंढवाड्याची माती मी बादलीत निम्मी-निम्मी केली. पंचवीस वर्षं स्वयंपाक केलाय. कशात काय किती घातलं की जिभेला कळत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. लेंड्यांचा चुरा दिसत होता तो रुमालातून गाळून काढला. मामंजी उकिडवे बसून उरलेले कण वेचत होते, तांदळातले खडे वेचावेत तसे. खूश होते. गेल्या कित्येक महिन्यांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

"आता कळेल त्यांना," ते म्हणाले.

आपण खोटं करतोय असं त्यांना वाटतच नव्हतं. घरी कुणी आलं तर फुटका कप मागं ठेवून चांगला पुढं करतो, तसं ते होतं. मला मात्र वाटत होतं. म्हणून मी भरभर आवरलं.

त्या संध्याकाळी हे मेंढ्या घेऊन परतले, पाय धुतले, आणि म्हणाले, "जुन्या मेंढवाड्यात कुणीतरी खणलंय."

"कोल्हा असेल," मी म्हणाले.

"कोल्हा गोल खणत नाही."

एवढंच बोलले. पुन्हा कधी विचारलं नाही. आमचे हे असेच आहेत. बोलले असते तर मी भांडले असते, आणि भांडणात खरं बाहेर पडलं असतं.

बाईंनी पिशव्या उघडून पाहिल्या. रंगांचं पुस्तक काढलं. "बरीच गडद आहे की."

"हो ना," मी म्हणाले. मी चपला झाडत होते. गार्ड बघत होता.

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि जाताना मला त्यांची टोपी देऊन गेल्या.

पाऊस येऊन गेल्यावर ऑफिसच्या पत्र्याच्या व्हरांड्यात बैठक झाली. साहेब, बाई, गार्ड, आणि आम्ही चरायला नेणारी चार-पाच घरं. साहेबांनी कागद वाचला. वरच्या बंद भागात शंभर किलो मातीत सरासरी साडेतीनशे ग्रॅम कर्ब. खालच्या पट्ट्यात एक किलोच्या वर. तिप्पट.

मामंजींनी मान डोलावली. मागं वळून सगळ्यांकडे पाहिलं. "म्हटलं होतं ना," ते मोठ्यानं म्हणाले. "आमची माती आहे ती."

"अगदी बरोबर, आजोबा," साहेब म्हणाले. "सगळ्या राखीव रानात अशी माती नाही. म्हणून खालचा पट्टा आधी बंद करायचा असं ठरलं आहे. ही जपायलाच हवी."

मामंजी मान डोलावतच होते. शब्द कानात गेले, पण मान थांबायला थोडा वेळ लागला. ती थांबताना मी पाहिली.

मी बाईंकडे गेले. "बाई, तुम्ही म्हणाला होता, कमी नसली तर उघडा राहील."

"बरोबरीची असती तर मी तेच लिहिलं असतं," बाई म्हणाल्या. त्यांना वाईट वाटत होतं, आणि आत कुठंतरी आनंदही होता. तोही दिसत होता. "पण ही बरोबरीची नाही. वाळूत इतका कर्ब मी कधी पाहिला नाही. आता हे माझ्या हातातलं राहिलं नाही हो."

तेव्हा बोलायला हवं होतं. व्हरांड्यात चहाचे कप वाजत होते. मामंजी खुर्चीच्या कडेला बसले होते, छाती अजून थोडी पुढं होती. मी बोलले असते तर त्या सगळ्यांदेखत, गार्डादेखत, ते चोर झाले असते. मी तोंड उघडलं.

"काय?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. टोपी चांगली आहे."

तारेचे खांब रोवायला खड्डे खणणारी माणसं हवी होती. गार्डानं पुन्हा माझं नाव सुचवलं. वाळूत खड्डा खणला की कडा ढासळतात. पाणी शिंपडा, थांबा, मुरू द्या, मग खणा. ही युक्ती मीच सगळ्यांना शिकवली. खांब छान ताठ बसले.

पुढचा उन्हाळा यायच्या आत मेंढ्या गेल्या. टेम्पो आला, मागची फळी पाडली, आणि मेंढ्या आपणहून चढल्या. सवयच ती, पुढची गेली की मागची जाते. मामंजींनी घंटीवालीच्या गळ्यातली घंटी सोडून घेतली. विकत घेणारा म्हणाला, "राहू द्या की, शोभते." मामंजी म्हणाले, "तुला कशाला?" टेम्पो वळणावर गेला तेव्हा आतून ओरडण्याचा आवाज आला. बेचाळीसांचा, पण घंटीशिवाय. तो आपल्या मेंढ्यांचा आहे असं वाटलंच नाही.

आमचे हे फरशीच्या कारखान्याच्या फाटकावर कामाला लागले. गळ्यात शिट्टी. पहिल्या दिवशी घरी आले तेव्हा ती काढायची विसरले होते. मी हसले, तेही हसले, मग त्यांनी ती काढून खिळ्याला अडकवली.

मामंजी सकाळी तारेपर्यंत चालत जायचे. खांबाला पाठ लावून बसायचे, हातात घंटी. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "माती फार चांगली निघाली ना आमची, म्हणून घेतली." तीनशे वेळा तरी मी ते ऐकलं असेल. मी त्या दिवशी बादलीत काय कालवलं, हे ते विसरले होते की त्यांनी ते मुद्दाम बाजूला ठेवलं होतं, मला सांगता येत नाही. त्या एका वाक्यावर त्यांचं चाललं होतं.

दोन वर्षांनी मातीबाई पुन्हा आल्या. तेच गिरमिट, त्याच वीस खुंट्या. खालच्या पट्ट्यात तारेच्या आत मी प्रत्येक खुंटीवर गुडघे टेकले आणि खुंटीवरचीच माती काढली. टेकाडावरची पांढरी. या वेळी बाईंची तब्येत ठणठणीत होती, पण माझ्यावर भरवसा ठेवून त्या दुसऱ्या बाजूची झुडपं मोजत होत्या. पिशव्या त्यांनी न उघडताच पेटीत भरल्या. बरं वाटलं. माझ्यापुरती मी फेड केली असं काहीतरी मनात आलं. आपण किती सहज स्वतःला सोडून देतो.

महिन्याभरानं एका दुपारी बाई सरळ आमच्या दारात. टोपी नाही, चेहरा उतरलेला. मामंजी तारेवर गेले होते, हे कामावर. मी चहा ठेवला.

"तुमच्याशिवाय कुणाला विचारावं कळेना," त्या पायरीवर बसत म्हणाल्या. "खालच्या पट्ट्यातले आकडे पडलेत. दोन वर्षं बंद ठेवून कर्ब तिसऱ्या हिश्श्यावर आलाय. असं होत नाही. ऑफिसवाले मला विचारतायत, तू तेव्हा पिशव्या उलटसुलट केल्यास का? मी आजारी होते ना त्या दिवशी. माझंच काहीतरी चुकलं असणार. झोप लागत नाही मला."

चहा उतू गेला. मी तो पुसला. चूल पुसली, ओटा पुसला, पुसलेलं पुन्हा पुसलं.

"तुमचं नाही चुकलं," मी म्हणाले.

मग सगळं सांगितलं. मेंढवाडा, बादली, रुमाल. मामंजींचं नाव घेतलं नाही. मी केलं म्हणाले, आणि ते खरंच होतं.

बाई पायरीवरची वाळू बोटानं एका बाजूला करत होत्या. मी वाट पाहत होते. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"मला रंग दिसला होता," शेवटी त्या म्हणाल्या. "वहीत लिहिलंय मी, 'रंग वेगळा, पुन्हा पाहणे'. पाहिलं नाही. आकडा इतका छान होता."

"आताचा आकडा किती आहे?"

"वर साडेतीनशे. खाली तीनशे चाळीस." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "म्हणजे फरक नाही."

"तेव्हा काय निघाला असता?"

"हेच. वाळू दोन वर्षांत एवढी बदलत नाही."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. आम्ही दोघी समोरच्या रिकाम्या वाड्याकडे बघत होतो, जिथं बेचाळीस मेंढ्या बसायच्या. तिथं आता ह्यांची सायकल उभी असते.

"मी दुरुस्ती पाठवते," बाई म्हणाल्या. "पण तारेचा फेरविचार पाच वर्षांनीच होतो." त्या उठल्या. चहा प्यायल्या नाहीत. "उद्या सहाला या. त्या पाच खुंट्या माझ्यासमोर पुन्हा घ्यायच्या."

दुसऱ्या दिवशी मी पाचही खुंट्या पुन्हा घेतल्या. बाई माझ्या हाताकडे बघत उभ्या होत्या, एक क्षणही नजर न काढता. इतक्या दिवसांत त्या अशा कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. फाटकावर गार्डानं पिशव्या मोजल्या आणि सवयीनं म्हणाला, "चपला." बाई या वेळी काही बोलल्या नाहीत. मी चपला झाडल्या.

फाटकाकडे येताना मी मेंढवाड्यावरून आले होते. वाऱ्यानं टेकाडाची वाळू तिथं आणून टाकली होती. काळी जागा पूर्वी अंगणाएवढी होती, ती आता घोंगडीएवढी उरली होती. पाय ठेवून पाहिला. गार लागला, पण जरासाच.

घरी मामंजी अंगणात बसले होते. बाई आल्याचं त्यांना कळलं होतं. अशा गोष्टी त्यांना तारेवर बसून कळतात.

"पुन्हा माती नेली म्हणे?"

"हो."

"काय म्हणाली मातीबाई? कशी आहे आपली?"

चांगली आहे म्हणायचं होतं. दोन अक्षरं जास्त बोलले असते तर त्यांचा दिवस चांगला गेला असता. पण एकदा मी त्यांना हवी तशी माती करून दिली होती.

"सगळ्यांसारखीच आहे म्हणाल्या, मामंजी. वरच्या भागासारखीच. कमी नाही, जास्त नाही."

मामंजींनी घंटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ती जराशी वाजली. ते माझ्याकडे बघत होते, आणि मी काडी घेऊन, बाईंनी साफ करायला दिलेल्या गिरमिटाच्या पात्यांत अडकलेली ओली वाळू कोरत बसले होते.

"मग घेतली कशाला?" ते म्हणाले.